दुसऱ्याच्या गाठीवरचा छाप

डोमाजी, जोहार.

हे पत्र तुम्हांला पोचायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सुरुवात तुमच्यापासूनच करते, कारण दुसऱ्या कुणापाशी सुरू केलं तर मी सारवासारव करीन. इथल्या वाचनालयाची पन्नास वर्षांची स्मरणिका निघते आहे. तिच्यात ‘गोंडी अक्षरं संगणकावर आणणाऱ्या सुनीतीबाई’ अशा मथळ्याचा लेख घालायचं मंडळींनी ठरवलं होतं. फोटोसुद्धा मागितला. मी म्हटलं, फोटो नको, लेख मीच लिहून देते, आणि माझ्यावर नाही, डोमाजी मडावींवर. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, हे डोमाजी कोण? मी सांगितलं, लेख वाचा म्हणजे कळेल. माझं वय आता सत्याहत्तर आहे. उगाच समजावत बसायला वेळ नाही.

तेव्हा डोमाजी, तुम्ही जरा बाजूला बसा. वाचणाऱ्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. शेवटी तुमच्याकडे येते.

डोमाजी मडावी राळेगावजवळच्या एका खेड्यातले. जातीनं परधान. गोंडांच्या घरात कोणी वारलं की तेरवीला परधानानं यायचं, तारांची किंगरी वाजवायची आणि त्या घराच्या पूर्वजांची नावं क्रमानं म्हणायची, अशी रीत आहे. सगळ्यांत शेवटी नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव. ते नाव ओळीत म्हटलं गेलं की माणूस आपल्या लोकांत जाऊन बसला. न म्हटलं तर तो बाहेर उभा. डोमाजींच्या वडिलांकडे अशी त्रेचाळीस घरं होती आणि त्या घरांची सगळी नावं त्यांना तोंडपाठ होती. डोमाजींना गळा नव्हता, किंगरीही जमली नाही. म्हणून म्हाताऱ्यानं शेवटच्या वर्षांत एक काम केलं. बालाघाटकडून आलेल्या एका पाहुण्यानं त्यांना गोंडी अक्षरं शिकवली होती. ही लिपी शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्याच समाजातल्या एका माणसानं घडवलेली. त्या अक्षरांत म्हाताऱ्यानं त्रेचाळीस घरं एका जाड वहीत उतरवली आणि मुलाला वाचायला शिकवलं. वडील गेल्यावर डोमाजी तेरवीला जायचे ते वही घेऊन. म्हणायचे नाहीत, वाचायचे.

पोटासाठी ते जिनिंग प्रेसिंगमध्ये होते. सरकी काढून रुईच्या गाठी बांधल्या की त्यांच्यावर कारखान्याचा छाप, गाठीचा नंबर आणि वजन काळ्या रंगानं उठवावं लागतं. त्यासाठी पत्र्यातून अक्षरं कोरून साचे करतात. डोमाजी साचे कापायचे आणि छापही मारायचे. चोवीस हंगाम त्यांनी हेच केलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं आणि आकडे कापून कापून हातात बसले होते.

ही नोकरी सुटली ती कशी, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मागच्या हंगामातल्या काही भिजलेल्या गाठी पडून होत्या. मुकादम म्हणाला, यांच्यावर यंदाचे नंबर टाक आणि चांगल्या मालाचा छाप मार. डोमाजींनी साचा खाली ठेवला. मुकादमानं समजावलं, मग शिव्या दिल्या, मग दुसरा माणूस आणला.

“गाठ कुठंतरी दूर जाऊन फुटते, बाई,” ते मला म्हणाले. “तवा तिथं मालक नसते, मुकादम नसते. छापच असते. अन् छाप माह्या हातचा.”

मी म्हटलं, बरं केलंत. चहा प्या. माझं लक्ष तेव्हा पडद्यावर होतं. पण ऐकलं होतं मी. ऐकलं नव्हतं असं आज म्हणता येणार नाही.

ते माझ्याकडे आले २००३ च्या उन्हाळ्यात. यवतमाळात दत्त चौकापासून जवळ माझी टायपिंगची संस्था होती. मी बी.एस्सी. झालेली, अमरावतीची. लग्न केलं नाही, त्याऐवजी तीस वर्षं मुलामुलींना सरकारी परीक्षेसाठी टायपिंग शिकवलं. खडखडणारी यंत्रं जाऊन संगणक आले तेव्हा मीही शिकले, पत्रिका आणि पत्रकं छापून द्यायला लागले. एका दुपारी हा काटकुळा, पांढऱ्या टोपीचा माणूस दारात उभा राहिला. एका हातात कापडात बांधलेली वही, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी माझ्या टेबलावर पत्र्याचे तुकडे ओतले. सत्तरावर तुकडे. प्रत्येकात एक अक्षर कोरलेलं. मी आयुष्यभर अक्षरं बडवली, पण त्यातलं एकही मला वाचता येईना.

वहीला कसर लागली होती, शाई उडत चालली होती. जिनिंगमधल्या बाबूनं त्यांना सांगितलं होतं, कंप्युटरमध्ये घातलं की मरत नाही. तेवढ्यावर ते आले होते.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ते पत्रे फार सुंदर कापलेले होते, आणि मला आव्हान घ्यायची खोड आहे.

पुढं तीन वर्षं ते दर सोमवारी पहिल्या एसटीनं यायचे. आल्याआल्या टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि कोरा चहा मागायचे. पत्र्यांचे ठसे मी कागदावर उमटवले, पडद्यावर घेतले, कडा ओढल्या आणि एकेक अक्षर इंग्रजीच्या एकेका कळीवर बसवलं. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर, याचा तक्ता करून भिंतीला चिकटवला. मग ते वाचायचे, मी कळा दाबायचे. मला घाई फार. ते एका नावापाशी थांबले, की हा माणूस विहिरीत काम करताना गेला, ही बाई मंगळवारी जन्मलेली, असं काहीतरी सांगायचे. मी म्हणायचे, डोमाजी, अक्षरं सांगा, इतिहास नको. ते म्हणायचे, “घ्या, बाईची गाडी सुटून राह्यली,” आणि हसायचे.

पूर्ण वही छापून बांधायचं काही आम्ही केलं नाही. कारण ती वही पूर्ण होणारी नव्हती. कुठल्यातरी घरातलं माणूस जायचं, डोमाजी यायचे, त्या घराच्या पानाखाली नवीन नाव घालायचं, तेवढं एक पान छापून ते घेऊन जायचे. वाचून झालं की पान त्या घराचं. कोणी देवापाशी ठेवी, कोणी राखेसोबत सोडून देई. कापसाची ती वर्षं कशी होती ते इकडच्या माणसाला सांगायला नको. डोमाजींना बोलावणी फार यायची. कधी कधी दोन सोमवारांच्या मधेही ते दारात दिसायचे.

आता मी जिथं यायला नको म्हणत होते तिथं येते.

हे कसं काम करत होतं, ते थोडक्यात सांगते. संगणकाला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. प्रत्येक अक्षराला जगात सगळीकडे एकच नंबर ठरलेला असतो. गोंडी अक्षरांना तेव्हा असा नंबरच नव्हता. मी केलं ते इतकंच की इंग्रजी अक्षरांचे नंबर तसेच ठेवले आणि वरून चेहरा गोंडी चढवला. मशीनच्या लेखी ती वही सबंध इंग्रजीच होती, आणि तीसुद्धा अर्थ नसलेली. चेहऱ्याची ती एक फाइल हरवली की खालचं इंग्रजी उघडं पडणार. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या काळी आम्ही मराठीही अशीच छापत होतो, सगळा जिल्हा तसाच छापत होता, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. पण मराठीला स्वतःचे नंबर होते, आम्ही आळसानं वापरत नव्हतो. डोमाजींच्या अक्षरांना दुसरं घरच नव्हतं. फरक आहे.

२००६ च्या मार्चमध्ये शेवटचं घर टाइप करून संपलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात महिला दिनाला माझा सत्कार झाला होता. शाल, नारळ, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन कॉलम. गोंडी लिपी संगणकावर आणली, असं छापून आलं होतं. ते कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. डोमाजींचं त्यात नाव नव्हतं. वार्ताहरानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या सोमवारी फाइल उघडताना पडदा क्षणभर अडखळला आणि गोंडीच्या जागी इंग्रजी अक्षरं चमकून गेली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत गोंडी परत आली. पण चोवीस वर्षं इंग्रजी अक्षरं कापलेला माणूस होता तो.

डोमाजींनी टोपी गुडघ्यावर फिरवली. मग हळूच म्हणाले, “बाई, एक इचारू? हे अंदरूनबी आपलेच अक्षर हाय, का दुसऱ्याच्या गाठीवर आपला छाप हाय?”

इतका नेमका प्रश्न आजवर मला कुठल्या प्राध्यापकानंही विचारलेला आठवत नाही. खरं सांगायला पाच मिनिटं लागली असती. काचेखाली कात्रण होतं. दारात दोन मुली परीक्षेचे फॉर्म घेऊन उभ्या होत्या.

मी म्हटलं, “तुमचीच आहेत, आतून बाहेरून. वाचा पुढं.”

ते वाचू लागले. काम संपलं. त्यांनी वही पुन्हा कापडात बांधली आणि विचारलं, आता हिचं काय करायचं? मी फॉर्म तपासत होते. म्हटलं, घरी न्या, काहीही करा, आता तिची गरज नाही.

यानंतर तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. पान काढायचं, नाव घालायचं, छापायचं. २००९ च्या दिवाळीनंतर माझी भाची अनघा हिनं मला नवा संगणक आणून दिला. अनघा पॉलिटेक्निकला शिकवते. तिनं माझ्या सगळ्या फाइली नव्या मशीनमध्ये घातल्या आणि म्हणाली, मावशी, जुनं मशीन महिनाभर राहू दे, काही राहून गेलं असेल तर बघू. पण मला अडगळ सहन होत नाही. भंगारवाला दारातच होता. देऊन टाकलं. त्याच सुमारास भिंतींना रंग दिला, तेव्हा कळांचा पिवळा पडलेला तक्ताही काढून फेकला.

आठ दिवसांनी डोमाजी आले. टेकामांच्या घरचा मुलगा गेला होता, सव्वीस वर्षांचा. कसा गेला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या वर्षांत कोणी विचारत नसे. दुसऱ्या दिवशी तेरवी होती. अनघा त्या दिवशी माझ्याकडेच होती, तिनं फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या रांगा. मध्येच स्वल्पविराम, मध्येच उलटा कंस, मध्येच चाराचा आकडा.

अनघा म्हणाली, “मावशी, हे इंग्रजीच आहे गं. गोंडी कुठाय?”

डोमाजी माझ्या मागे उभे होते. मी वळून पाहिलं नाही. जुन्या फ्लॉपी काढल्या, त्यांना बुरशी आली होती. अनघानं नव्या मशीनमधली अक्षरांची सगळी यादी उघडली, चेहऱ्याची फाइल कुठं दडली असेल तर दिसावी म्हणून. शोधता शोधता एका पानावर कसली तरी अनोळखी अक्षरं आली. गोल, वेटोळी, काही इंग्रजीसारखी आणि तरी इंग्रजी नाहीत.

डोमाजींनी विचारलं, हे कोणाचे? अनघानं वाचून सांगितलं, चेरोकी. अमेरिकेतली एक आदिवासी जमात आहे. त्यांच्यातल्याच एका माणसानं, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यानं ही पंच्याऐंशी अक्षरं घडवली.

“हेबी इंग्रजीवर छाप हाय का?”

“नाही काका. यांना स्वतःचे नंबर आहेत. प्रत्येक अक्षराला वेगळा. कुठल्याही मशीनमध्ये उघडा, हीच येणार.”

डोमाजी खुर्ची ओढून पडद्यापुढं बसले. अनघानं बाण एकेका अक्षरावर नेला की खाली नंबर दिसायचा. त्यांनी तिला दहा-पंधरा अक्षरांवर तो न्यायला लावला. गाठी मोजताना माणूस ओठ हलवतो तसे त्यांचे ओठ हलत होते. मग मला म्हणाले, “तुमी तं म्हनलं होतं, आतून बाहेरून.”

मी म्हटलं, डोमाजी, वही कुठंय? वही आणा, सगळं नव्यानं करू.

“वही तं वर्धा नदीत सोडली, बाई. कवाच. तुमी म्हनलं ना, गरज नाही. बापाच्या हातची होती. जीव नव्या घरात गेला म्हटल्यावर जुनं आंग घरात ठेवू नये.”

हे मी आयुष्यात कधी कल्पिलं नव्हतं. माझ्या घरात जुन्या वह्या रद्दीत जातात. त्यांच्याकडे त्यांना निरोप देतात. माझ्या एका खोट्या वाक्यावर विश्वास ठेवून तो माणूस बापाची वही घेऊन नदीपर्यंत चालत गेला होता.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, “असू द्या. गाठ तं हाय. छाप गेला.” आणि ते सगळं इंग्रजी कागदावर छापून मागितलं. एकशे बारा पानं. अनघानं विचारलं, काका, हे वाचणार कसं? ते म्हणाले, पाहीन.

पायरीवर चपला घालताना त्यांनी मला एक काम सांगितलं. इतक्या वर्षांत एकच. “त्या अमेरिकेवाल्याईसारखा आपल्या अक्षराईले नंबर भेटला, तं मले सांगजा, बाई. बस तेवढं काम करजा.”

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशीच्या तेरवीचं मला नंतर नलूनं सांगितलं. नलू म्हणजे डोमाजींची बायको. डोमाजी पानाशिवाय उभे राहिले. पाच नावं म्हटली आणि थांबले. घरातल्या एका म्हातारीनं दोन आठवून दिली. पुढची कोणालाच येत नव्हती. शेवटी डोमाजींनी मुलाचं नाव तसंच, मधल्या रिकाम्या जागेनंतर, म्हटलं आणि खाली बसले.

पत्रे त्यांच्याकडे होते. चेहरा पुन्हा बनवणं, कळा पुन्हा लावणं, हे माझं महिन्या-दोन महिन्यांचं काम होतं. बोटांना अर्ध्या जागा आठवत होत्या. मी केलं नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं, संस्था बंद करायची आहे असं सांगितलं. खरं कारण हे की त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसण्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं. लाजेनं माणूस सुधारतो म्हणतात. मी तर नुसती दार लावून बसले.

डोमाजींनी ते स्वतः केलं. कसं, तेही नलूनंच सांगितलं, २०१३ साली ती दवाखान्यासाठी यवतमाळला आली तेव्हा. त्यांनी आधी अशी नावं धरली जी प्रत्येक घरी पुन्हा पुन्हा येतात. टेकाम, मडावी, आत्राम. कागदावर तीच इंग्रजी अक्षरं तशाच जोडीनं कुठं येतात ते पाहिलं. एक अक्षर सापडलं की त्याचा पत्रा वेगळा काढायचा आणि त्यावर खिळ्यानं ते इंग्रजी अक्षर ठोकायचं. चार वर्षांत एकतीस घरं त्यांनी नव्या वहीत हातानं उतरवली. बारा राहिली होती, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

नलूनं जाताना विचारलं, “नंबर भेटला का म्हनून इचारते ते.” मी सांगितलं, अजून नाही. ते तेव्हा खरं होतं.

२०१७ च्या जूनमध्ये अनघाचा फोन आला. मावशी, ती लिपी आली गं यादीत. प्रत्येक अक्षराला नंबर मिळाला. त्या काकांना कळव. मी तिला सांगितलं, सोमवारी जाते राळेगावला.

त्या सोमवारी पाऊस होता. पुढच्या सोमवारी नव्हता. त्याच्या पुढच्या सोमवारी मी स्टँडपर्यंत गेले, गाडी लागलेली होती, आणि मी कळंबच्या गाडीत बसून चिंतामणीचं दर्शन घेऊन परत आले. डोमाजींच्या खेड्यात फोन होते. चिठ्ठी पाठवता आली असती. दीड वर्ष गेलं. २०१९ च्या फेब्रुवारीत ते गेले.

त्यांच्या तेरवीला नवी वही होती. शेजारच्या गावातल्या एका परधानाला त्यांनी वाचायला शिकवलं होतं, तो आला. पण मडावींच्या पानाखाली डोमाजींचं नाव लिहायचं कोणी? अक्षर बिघडेल म्हणून तो धजेना. नलूला गोंडी लिहिता येत नाही. तिनं पिशवीतून पत्रे काढले, त्या माणसाला कुठले ते विचारलं, वहीवर ठेवले आणि काळ्या रंगाचा बोळा फिरवला. बापाखाली मुलाचं नाव छापानं उठलं. हे सांगायला ती मुद्दाम माझ्याकडे आली होती. तिच्या नखांत अजून काळं होतं.

सांगून झाल्यावर तिनं तेच विचारलं. “नंबर भेटला का, बाई? शेवटपर्यंत इचारत होते.”

मी म्हटलं, भेटला.

“कधी?”

“परवाच,” मी म्हटलं.

नलू, परवाच नव्हता. हे छापून येईल तेव्हा तुला कोणीतरी वाचून दाखवेल, म्हणून इथं लिहिते.

आणि डोमाजी, तुमच्याकडे परत येते म्हटलं होतं. राळेगावची गाडी सकाळी सव्वानऊला सुटते, दीड तासात पोचते. तिथून तुमच्या खेड्याला ऑटो मिळतो. तुम्हांला नंबर भेटला आहे, एवढंच येऊन सांगायचं होतं.